कारण लिहिण्याची विद्या

रुग्णालयाच्या वॉर्डात एखादा रुग्ण दगावला म्हणजे नातलगांचा आक्रोश, परिचारिकांची धावपळ आणि शववाहिकेची चौकशी यांच्या जोडीनेच एका कागदाचाही प्रवास सुरू होतो. आणि ज्या कागदावरून पुढे देशाच्या आरोग्याचा जमाखर्च मांडला जायचा, तो भरण्याचे काम त्या घटकेला वॉर्डात जो वयाने सर्वांत लहान आणि जागरणाने सर्वांत अधिक शिणलेला असेल, त्या इंटर्नच्या किंवा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या वाट्याला बहुधा येते. या कागदाचे सरकारी नाव ‘मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र’. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४-अ अशी त्याची दोन रूपे आहेत. बँकेत, विमा कचेरीत किंवा तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी आपण जो मृत्यूचा दाखला नेतो, तो हा नव्हे. तो दाखला जन्म-मृत्यूंचा निबंधक देतो आणि त्यावर मृत्यूचे कारण उघड करू नये, असा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचाच दंडक आहे. कारण लिहिलेला कागद निबंधकामार्फत राज्याच्या दप्तरी आणि तेथून आकड्यांच्या रूपाने दिल्लीस महानिबंधकाकडे जातो. आणि वाटेत कोणी एक कारकून किंवा तंत्रज्ञ, ज्याने त्या रुग्णाचे तोंडही पाहिलेले नसते, डॉक्टरच्या शब्दांचे एक अक्षर आणि दोन-तीन अंक यांच्या संकेतांकात रूपांतर करतो.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत या तरुणाला शरीररचना शिकवली जाते, औषधांचे गुणदोष शिकवले जातात, नाडी कशी पाहावी आणि स्टेथास्कोप कोठे ठेवावा हे शिकवले जाते. परंतु जे पाहिले, जे ताडले आणि जे केले ते क्रमाने, कारणासह आणि परक्या माणसाला कळेल अशा शब्दांत कागदावर कसे उतरवावे, हे त्याला सहसा कोणी शेजारी बसवून शिकवत नाही. ते काम पाहून पाहून येते अशी समजूत आहे. पाहण्यासाठी समोर असतात आधीच्या इंटर्नने भरलेले नमुने, आणि त्या नमुन्यांत कारणाच्या पहिल्या ओळीवर एकच शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेला असतो: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, म्हणजे हृदयक्रिया आणि श्वसनक्रिया बंद पडणे. हे विधान असत्य नाही. असत्य असते तर एखाद्या वेळी पकडले तरी गेले असते. ते प्रत्येक मृताला सारखेच लागू पडते, हीच त्याची अडचण आहे. इच्छामरणी भीष्मांचेही हृदय उत्तरायणात अखेर बंदच पडले असणार. म्हणून त्यांच्या मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे कोणी लिहीत नाही, अर्जुनाचे बाण आणि शिखंडीची आड असाच इतिहास सांगावा लागतो.

कारणाच्या रकान्याची ही दुर्दशा आजची नाही. ब्रिटिश अमदानीत खेड्यापाड्यांतील मृत्यूची खबर पाटील-कोतवालांनी द्यावी आणि ती पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात व इतर अशा मोजक्या सदरांत मांडावी, असा शिरस्ता होता. वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसाला पुष्कळसे मृत्यू तापाचेच वाटणार, आणि झालेही तसेच. कोट्यवधी माणसे सरकारी अहवालांत ‘ताप’ या एकाच सदराखाली निघून गेली, आणि तो हिवताप होता की विषमज्वर, क्षय होता की बाळंतरोग, हे कायमचे अज्ञात राहिले. त्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना आपल्याकडे अजून ‘कोतवाल बुक’ म्हणतात, आज मोडी जाणणाऱ्यांकडून मोठ्या आस्थेने वाचून घेतल्या जातात. पण त्या जातीच्या दाखल्यासाठी. रोगाच्या नोंदीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

इंग्लंडची स्थिती आरंभी फारशी निराळी नव्हती. तेथे १८३७ साली मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली, आणि दोन वर्षांनी विल्यम फार नावाचा एक वैद्य त्या खात्यात आकडे संकलित करण्याच्या कामावर रुजू झाला. त्याच्या ध्यानी आले की एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत, एकच नाव तीन-चार रोगांना लावले जाते, आणि मूळ रोग बाजूला ठेवून केवळ अखेरचा उपद्रव नोंदवण्याची डॉक्टरांना खोड आहे. शास्त्राच्या कोणत्याही शाखेत नामकरणाला जे महत्त्व असते, ते येथेही असावे, असा आग्रह त्याने जन्मभर धरला. १८५३ साली ब्रुसेल्सला भरलेल्या सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी कारणांची यादी करण्याचे काम त्याच्याकडे आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीनकडे सोपवले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९३ मध्ये, पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाक बर्टियाँ याने रचलेले वर्गीकरण शिकागो येथे मान्य झाले. (त्याचाच भाऊ अल्फॉन्स पोलिसांसाठी गुन्हेगारांच्या शरीराची मापे घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत घडवत होता, एका घरात एक भाऊ गुन्हेगारांची आणि दुसरा रोगांची वर्गवारी करीत असावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) दर दहा वर्षांच्या सुमारास सुधारत गेलेली ही यादी १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२२ च्या आरंभापासून अमलात आली.

सहाव्या आवृत्तीने रोगांची यादी वाढवली, त्याहून मोठी गोष्ट केली ती ही की, प्रमाणपत्राचा एकच आंतरराष्ट्रीय नमुना ठरवला आणि ‘मूळ कारण’ म्हणजे काय याची व्याख्या दिली. ज्या रोगाने किंवा इजेने मृत्यूकडे नेणाऱ्या घटनांची साखळी सुरू केली, ते मूळ कारण. अपघात अथवा हिंसा असेल, तर ती ज्या परिस्थितीत घडली ती परिस्थिती. आपला नमुना ४ याच साच्याचा आहे. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात: वरच्या ओळीत लगतचे कारण, खाली ते कशामुळे झाले, त्याच्याही खाली ते कशामुळे. दुसऱ्या भागात साखळीत न बसणारे, पण मृत्यूला हातभार लावणारे इतर विकार. उजवीकडे प्रत्येक विकार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत लोटलेला काळ. हा कागद वंशावळीसारखा वाचावा लागतो. वर अखेरचा वंशज, तळाशी मूळपुरुष, आणि सरकारला हवा असतो तो मूळपुरुष.

उदाहरणावाचून हे पटणार नाही. समजा, ५८ वर्षांचा एक निवृत्त गिरणी कामगार आहे. बारा वर्षांपासून रक्तदाब. गोळ्या कधी घेतल्या, कधी संपल्या म्हणून सोडल्या. मधुमेहही आहे. एके सकाळी तो उजव्या अंगाने लुळा पडतो, वाचा जाते, सी.टी. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसतो. सहाव्या दिवशी गिळताना अन्नकण श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होतो, तो संसर्ग रक्तात पसरतो आणि नवव्या दिवशी रात्री तो मृत्यू पावतो. इंटर्न लिहितो: हृदय-श्वसनक्रिया बंद पडणे, त्याखाली सेप्सिस, त्याखाली न्यूमोनिया. तीन ओळी भरल्या, सही झाली. संकेतांक देणारा कर्मचारी काय करणार? त्याला नियमाप्रमाणे तळाची ओळ धरावी लागते, आणि हा माणूस ‘जे-१८’ या सदरात, फुप्फुसाच्या संसर्गाने मेलेल्यांत जाऊन बसतो. ज्याच्या मृत्यूला रक्तदाबाच्या तुटक उपचारांचा इतिहास होता, त्याची मोजदाद जंतूंच्या खात्यावर पडते.

तोच कागद नीट लिहिला तर असा होईल: पहिल्या ओळीत अन्नकण श्वासमार्गात जाऊन झालेला न्यूमोनिया, तीन दिवस, दुसऱ्या ओळीत मेंदूतील रक्तस्राव, नऊ दिवस, तिसऱ्या ओळीत उच्च रक्तदाब, बारा वर्षे, आणि दुसऱ्या भागात मधुमेह. येथे एक बारकावा आहे, जो विद्यार्थ्यांना ऐकून नवल वाटते. तळाशी उच्च रक्तदाब असूनही कर्मचारी रक्तदाबाचा संकेतांक देत नाही. वर्गीकरणाचा नियम असा की रक्तदाबातून मेंदूचा रक्तस्राव उद्भवला असेल, तर अधिक नेमका असा ‘आय-६१’ हा रक्तस्रावाचाच संकेतांक घ्यावा. म्हणजे डॉक्टरने संकेतांकाचा विचार करून लिहायचे नाही. त्याने घडले तसे, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहायचे, आणि निवडीचे काम नियमांवर सोडायचे. भावी डॉक्टरांना संकेतांक पाठ करायला लावण्याचा जो उत्साह अलीकडे कोठे कोठे दिसतो, तो मला म्हणूनच अस्थानी वाटतो. वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचे तीन खंड आहेत, वर्णक्रमाची सूची आहे, आता संगणक आहे. पाठांतराची गरज कोणाला? परंतु आपण लिहिलेला एक शब्द दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला कोठे घेऊन जातो, हे विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

तो पाहील, तेव्हा आणखी काही गोष्टी त्याच्या लक्षात येतील. ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले, तर ‘आय-४६’. हा संकेतांक अस्तित्वात आहे, पण अभ्यासक त्याला आणि त्याच्यासारख्या इतर निरर्थक संकेतांकांना चक्क ‘कचरा संकेतांक’ म्हणतात, कारण त्यावरून कोणतीही उपाययोजना निघत नाही. ‘सर्पदंश’ लिहिताना विषाचा परिणाम हा एक भाग झाला आणि साप चावला ही घटना हा दुसरा. मृत्यूच्या गणनेत दुसऱ्यालाच मान आहे. न्हाणीघरात घसरून पडलेली वृद्ध बाई, खुब्याचे हाड मोडून, अंथरुणाला खिळून, महिन्याभराने न्यूमोनियाने जाते. तिच्या कागदावर पडण्याचा उल्लेख राहून गेला तर ओली फरशी, अंधारी न्हाणीघरे आणि आधाराचा कठडा नसणे यांचा हिशेब कोणी कधीच मांडणार नाही.

कागद नीट नसला किंवा मुळीच नसला, तर काय होते याचा भारतातच एक मोठा दाखला आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणांना वैद्यकीय प्रमाणपत्राचा आधार होता. गोव्यासारख्या लहान राज्यात हे प्रमाण शंभराच्या आसपास, तर मोठ्या उत्तरेकडील राज्यांत अगदी तुटपुंजे. बहुसंख्य माणसे घरीच, डॉक्टर शेजारी नसताना मरतात. ही स्थिती जुनीच असल्याने महानिबंधकांच्या कार्यालयाने त्याआधीच संशोधकांच्या सहकार्याने एक निराळा मार्ग धरला: निवडक वस्त्यांतील मृतांच्या घरी जाऊन नातलगांकडून आजाराची सविस्तर हकीकत लिहून आणायची, ती दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचून संकेतांक द्यायचा, आणि दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्याने निवाडा करायचा. या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’तून २०१० साली असा अंदाज निघाला की, सत्तर वर्षांखालील सुमारे २,०५,००० माणसे दरसाल हिवतापाने मरतात, तोवर जागतिक आरोग्य संघटनेचा भारतापुरता अंदाज सुमारे १५,००० चा होता. सर्पदंशाचे बळी २००५ या एका वर्षात ४५ हजारांहून अधिक निघाले. या आकड्यांवर वाद झाले, आणि व्हायलाच हवेत. पण खेड्यातील एका अर्धशिक्षित भावाने किंवा सुनेने सांगितलेली हकीकत, नीट विचारली आणि नीट लिहिली तर, अनेक रुग्णालयांच्या दप्तरांहून अधिक बोलकी ठरते, हे त्यातून दिसले. त्या अभ्यासात संकेतांक देणारे डॉक्टर आधी शिकवून तयार करावे लागले होते, हेही विसरू नये.

मृत्यूच्या कागदाबद्दल इतके लिहिले, कारण तेथे दोष उघडा पडतो. परंतु त्याचे मूळ त्याआधीच्या कागदांत, वॉर्डात ज्याला ‘इनडोअर पेपर’ म्हणतात त्यात असते. ज्याने नऊ दिवस रोजची टिपणे नीट लिहिली, त्याला नवव्या रात्री कारण शोधावे लागत नाही. या टिपणांना शिस्त लावण्याचे श्रेय अमेरिकेतील लॉरेन्स वीड या डॉक्टरला जाते. १९६८ साली त्याने एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात दोन भागांत मांडले की, रुग्णाचा कागद हा केवळ घडलेल्या गोष्टींचा साठा नसून शिकवणारा आणि वाट दाखवणारा असावा. रुग्णाच्या समस्यांची यादी करावी. प्रत्येक समस्येखाली रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून डॉक्टरचे अनुमान काय आणि पुढचा बेत काय, हे चार भाग वेगळे लिहावेत. आजही आपल्या निवासी डॉक्टरांच्या टिपणांत हे चार भाग आढळतात, परंतु तिसरा, म्हणजे अनुमानाचा भाग, बहुधा ‘प्रकृती स्थिर, उपचार चालू’ एवढ्यात आटोपलेला असतो. विचार जेथे लिहायचा, नेमकी तीच जागा रिकामी.

वीडच्याही आधी बॉस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक शल्यविशारद होऊन गेला. प्रत्येक रुग्णाच्या नावाचे कार्ड ठेवावे, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्याची खुशाली विचारावी, आणि निकाल वाईट निघाला तर चूक कोणाची हे लिहून ठेवावे, असा त्याचा हट्ट होता. तो ज्या रुग्णालयात नोकरीस होता तेथे हे रुचले नाही. मग त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांचे निकाल, त्यांत घडलेल्या १२३ चुकांसह, छापून प्रसिद्ध केले. आजच्या एखाद्या नामांकित रुग्णालयाने असे करून दाखवावे, म्हणजे त्याचे धाडस कळेल.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर महाडकडे पाहावे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले, मरत. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा यांतील बदल वेळेसह टिपून ठेवले. त्या टिपणांतून दंशाची लक्षणे कोणत्या क्रमाने येतात हे स्पष्ट झाले, १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि प्रॅझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या उपयोगाने या दंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. मोठी प्रयोगशाळा नव्हती, संगणक नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरने वेळ टाकून लिहिलेले कागद होते. निवासी डॉक्टरांना लिहिण्याचे महत्त्व सांगताना परदेशी नावांआधी हे नाव सांगावे, असे मला वाटते.

अमेरिकेत मात्र या विद्येला पुढे एक निराळे वळण लागले. १९८३ पासून तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयांना खर्चाप्रमाणे पैसे देणे थांबवून निदानाच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम देण्यास आरंभ केला. हे गट येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी मुळात रुग्णालयांच्या कामाची तुलना करण्यासाठी बनवले होते; ते देयकाचा पाया झाले. तेव्हापासून डॉक्टरच्या एकेका विशेषणाला डॉलरचे मोल आले. ‘हृदयाची दुर्बलता’ एवढे लिहिले तर एक रक्कम, ती तीव्र की जुनाट, आकुंचनाची की प्रसरणाची हे लिहिले तर दुसरी. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी डॉक्टर वर्षानुवर्षे वापरत आलेला ‘युरोसेप्सिस’ हा शब्द तेथील नियमांत बसत नाही. तो लिहिला की रुग्णालयाच्या नोंदविभागातून लेखी विचारणा येते. २०१५ च्या ऑक्टोबरपासून तेथे वापरात असलेल्या विस्तृत संहितेत सुमारे सत्तर हजार संकेतांक असून बदकाचा धक्का लागून झालेल्या इजेलाही त्यांत स्वतंत्र जागा आहे. निवासी डॉक्टरांना हे सर्व शिकवण्यासाठी तेथे व्याख्याने होतात, खिशात ठेवायच्या पुस्तिका निघतात, आणि तज्ज्ञ कर्मचारी राउंडला बरोबर फिरतात. शिक्षण कसून होते यात शंका नाही. पण त्यामागे रुग्णालयाच्या तिजोरीची काळजी उभी असल्यामुळे, रुग्ण आहे त्याहून अधिक आजारी दिसेल असे लिहिण्याचा मोह व्यवस्थेतच पेरला गेला, आणि त्या मोहाविरुद्ध पुन्हा तपासनीस नेमावे लागले. लेखनकला शिकवावी ती अशी नव्हे.

हा धोका आपल्यापासून फार दूर आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी योजनेच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना, आणि २०१८ पासूनची केंद्राची योजना, या दोन्ही ठरावीक दराच्या पॅकेजांवर चालतात. कोणत्या पॅकेजात रुग्ण बसतो हे निदानावर आणि कागदांवर ठरते. पूर्वमंजुरीसाठी टिपणे, तपासण्यांचे अहवाल आणि छायाचित्रे संगणकावर चढवण्याचे काम आरोग्यमित्र आणि निवासी डॉक्टर यांच्यात वाटलेले असते. म्हणजे गरीब रुग्णाच्या उपचाराची परवानगी एका तरुणाच्या घाईच्या अक्षरावर अवलंबून राहते. ते अक्षर सुधारायला हवेच. मात्र दावा मंजूर होण्यासाठी काय लिहावे, एवढेच ज्या वॉर्डात शिकवले जाते, तेथे खरे काय घडले ते लिहिण्याची सवय हळूहळू मोडते.

अभ्यासक्रमाने या बाबतीत अगदीच हात टेकलेले आहेत असेही नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या यादीत, दिलेल्या प्रसंगावरून मृत्यूचे योग्य कारण दहाव्या आवृत्तीच्या आधारे निवडणे आणि प्रमाणपत्र बिनचूक लिहिणे, या क्षमता स्पष्ट नमूद आहेत. औषधशास्त्रात सुवाच्य चिठ्ठी लिहिण्याचा पाठ आहे. कायदाही आता अधिक कडक झाला आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक वैद्यकीय संस्थेने हे प्रमाणपत्र विनामूल्य निबंधकाकडे पाठवणे आणि त्याची प्रत जवळच्या नातलगाला देणे बंधनकारक आहे. उणीव आहे ती वेळेच्या मेळाची. न्यायवैद्यक शिकून झाल्यावर वर्षाहून अधिक काळाने विद्यार्थी इंटर्न होतो. त्याने कल्पित प्रसंगावर लिहिलेले प्रमाणपत्र परीक्षेच्या वहीत मागे राहते, आणि खरा रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात मरतो, जेथे शिकवणारा निराळा, घाई निराळी आणि समोर नातलग उभे.

नातलगांचा प्रश्न पुस्तकात नसतो, आणि तो शिकवल्याशिवाय बाकीचे शिकवणे व्यर्थ आहे. ‘डॉक्टर, दारूचे तेवढे लिहू नका’, ‘टी.बी.चे नाव नको, घरात मुलीचे लग्न ठरले आहे’, ‘विष घेतले असे नका लिहू, साप चावला म्हणा’ अशा विनवण्या रात्री दोन वाजता रडवेल्या तोंडाने होतात, आणि २३-२४ वर्षांच्या मुलाला त्यांना उत्तर द्यावे लागते. प्रत आता त्यांच्याच हाती पडणार असल्यामुळे विनवण्या वाढतील, घटणार नाहीत. अनैसर्गिक मृत्यूत प्रमाणपत्र न देता पोलिसांना कळवावे लागते, मृतावस्थेत आणलेल्या इसमाच्या मृत्यूचे कारण अंदाजाने लिहू नये, शवविच्छेदनाशिवाय जेथे निर्णय होत नाही तेथे तो ओढून आणू नये, हे नियम त्याला ठाऊक असतात. पण ते शांतपणे सांगायचे कसे, कोणत्या वरिष्ठाला उठवायचे आणि कोणत्या शब्दांत, हे ज्येष्ठांनी आपल्या समोर करून दाखवले असेल तरच येते.

यावर उपाय म्हणून मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जुने इनडोअर पेपर रचून ठेवलेले असतात. त्यांतील काही, रुग्णांची नावे-पत्ते झाकून, पाच-सहा इंटर्नांपुढे ठेवावेत. प्रत्येकाने स्वतंत्रपणे नमुना ४ भरावा. मग तो संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याने सर्वांसमक्ष वाचावा आणि आपण कोणता संकेतांक देऊ व का, ते सांगावे. सहा हुशार मुलांनी एकाच मृत्यूची चार कारणे दिलेली पाहिल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही. त्याच दिवशी मूळ प्रमाणपत्रही काढावे, आणि ते सहीनिशी कोणी भरले होते हे न सांगता वाचावे. माता-मृत्यूंची चिकित्सा करणाऱ्या बैठका आपल्या रुग्णालयांत होतात, मेडिसिन विभागातही मृत्यूंची चर्चा होते. त्यांना प्राध्यापक येतात, रजिस्ट्रार येतात, कधी भूलतज्ज्ञ येतो. ज्याच्या हातून तो मृत्यू अखेर आकड्यात जातो, त्या नोंदविभागातील माणसाला आजवर बहुतेक ठिकाणी बोलावणे गेलेले नाही. ओ.पी.डी. संपल्यावर आणि सायंकाळच्या राउंडच्या आधी, दुपारी तीन ते चार, हा वेळ त्याला आणि इंटर्नांना दोघांनाही सोयीचा असतो.